फक्कीचं घर

शमशुद्दीनभाई चहा बशीत ओतायचे, पण बशी हातात घ्यायचे नाहीत. जमिनीवर ठेवायचे. चहा बशीच्या एका कडेला गोळा झाला की म्हणायचे, "फरशी उताराला हाय." घरमालकाचा चहा तिथंच गार व्हायचा.

कुणाकडं गेले की दिलेल्या खुर्चीत बसायचे नाहीत. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठं बसतं ते विचारायचे आणि तिथं जाऊन बसायचे. म्हाताऱ्या माणसाला उठवून.

जयसिंगपूरच्या एसटीत सकाळी जाताना डावीकडं बसायचे, संध्याकाळी येताना उजवीकडं. ऊन दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या मांडीवर.

आत शिरण्याआधी दाराशेजारच्या भिंतीला तळहात लावायचे. पोराचा ताप बघावा तसा.

सदऱ्याचा डावा खिसा कायम पांढरा असायचा. त्यात फक्की असायची. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी भुकटी.

इटलीबद्दल विचारलं की जेवणाबद्दल बोलायचे.

आणि नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी विचारायचे, "दुपारचं कुठं बसतासा?"

मलाही तेच विचारलं होतं. साल १९७२. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. कुणीतरी सांगितलं, कोल्हापुरात गंगावेशीत शमशुद्दीन गवंडी नावाचे आर्किटेक्ट आहेत, त्यांना माणूस हवाय. त्यांचं ऑफिस एका हॉटेलाच्या माडीवर होतं. जिना शिडीसारखा उभा. आर्किटेक्टकडं असा जिना कसा, हे प्रत्येक जण वर पोचल्यावर विचारायला जायचा, पण धाप लागल्यामुळं प्रश्न अर्ध्यातच राहायचा.

"दुपारचं कुठं बसतोस?"

"मी? कुठंच नाही. म्हणजे, झोपतो."

"नाव?"

"नृसिंह."

"शिकलास काय?"

"बी.ए. मराठी. मला नकाशे काढता येत नाहीत."

"नकाशे काढणारा हाय माझ्याकडं. मला लिव्हणारा पायजे."

काम असं होतं. ज्याला घर बांधायचंय त्याच्या आत्ताच्या घरी जायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका कोपऱ्यात बसायचं. कोण कुठं बसतं, कुठं उठतं, कुठं भांडतं, ते लिहायचं. भाई ते वाचायचे आणि मग पेन्सिल उचलायचे. मी थक्क झालो. मला वाटलं होतं, घरं मापांवरून बांधतात.

पहिल्या दिवशी मी लिहून नेलं, 'सूर्य तांबूस गोळ्यासारखा वर आला.' भाईंनी ते वाचलं. चष्मा काढला.

"कुठल्या खिडकीतनं?"

त्यांनी वाक्य खोडलं. त्या दिवसापासून माझी वाक्यं लहान झाली. आणि माझं नाव बीए झालं.

भाईंचे वडील गवंडी, आजोबा गवंडी, आडनावही गवंडी. भाई मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झाले. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि इटलीला गेले. तिथं सिसिली बेटावर, समुद्रकाठच्या एका गावात, साल्वातोरे नावाच्या म्हाताऱ्या आर्किटेक्टकडं त्यांनी काही वर्षं काम केलं. भाई त्याला सालूबाबा म्हणायचे.

"गेलो तवा वाटलं, संगमरवराचं काम शिकवंल," एकदा मला म्हणाले. "म्हाताऱ्यानं गावच्या चौकात बसवलं. म्हणाला, खुर्च्या बघ."

"खुर्च्या?"

"हॉटेलाबाहेरच्या. सकाळी ह्या भिंतीला असत्यात, दुपारी त्या. सावली जाईल तिकडं खुर्ची. म्हाताऱ्याचं म्हणणं, गावानं खुर्ची कुठं ठेवलीय ते कळल्याबिगर पेन्सिल धरायची न्हाई. आणि सांजच्याला तिथल्या बायका आपापल्या खुर्च्या गल्लीत काढत्यात. भरतकाम घेऊन बसत्यात. रस्त्याकडं पाठ करून. पर बसत्यात."

"मग परत का आलात?"

"सालूबाबानं एक दिवस विचारलं, तुमच्याकडं पाऊस कुठल्या अंगानं येतो? भिंतीला काय लावता? मला सांगता येईना. तीन पिढ्या भिंती बांधणाऱ्यांचा पोरगा मी, आणि पाऊस कुठनं येतो ठावं न्हाई. लाज वाटली. निघून आलो."

एवढ्या कारणावरून माणूस इटली सोडतो, हे मला पटेना.

"एवढंच कारण?"

"आणि मिरची न्हाई रं तिकडं."

ते १९६२ साली परत आले. पहिलं काम मुरगूडला मिळालं. आण्णा नावाच्या भुसार व्यापाऱ्याचं घर. आणि पाऊस शिकायला परत आलेल्या भाईंनी काय केलं? सिसिलीच बांधली. पांढऱ्याशुभ्र भिंती. वर सपाट धाबं. वळचण नाही. आसपासच्या गावांतली माणसं घर बघायला यायची. मग मृग लागला. श्रावणापर्यंत घर हिरवं झालं. आण्णांच्या माणसांनी अंथरुणं गोठ्यात हलवली. गोठा कोरडा होता. त्याच्यावर कौलं होती.

भाई मुरगूडला गेले. दोघं गोठ्यात बसले. आण्णांनी वर कौलांकडं बघितलं. मग म्हणाले, "समिंदर लई लांब हाय ओ हितनं."

दिवाळीनंतर भाईंनी त्या धाब्यावर मंगलोरी कौलांचं छप्पर चढवलं. भिंतींवर रुंद वळचण आली. लोक त्याला टोपीवाला बंगला म्हणतात. भाईंचं काम कुणाला बघायचं असलं की ते त्याला आधी तिथं पाठवायचे. "चांगली कामं मग बघा," म्हणायचे.

तिथून पुढं ते जे शिकले ते असं एका वाक्यात सांगता येत नाही. जोतिबाच्या डोंगरावर त्यांनी एका नारळवाल्याचं दुकान बांधलं. दुकानदाराला पांढऱ्या भिंती हव्या होत्या. भाईंनी भिंती कमरेपर्यंत गुलाबी केल्या. "यात्रेला गुलाल लागणारच," म्हणाले. "आधीच लावलेला बरा." दुकानदार चिडला. चैत्राची यात्रा झाली. शेजारच्या सगळ्या दुकानांना रंग काढावा लागला. ह्याला नाही.

कोल्हापुरात ज्याला ज्याला कमानी हव्या असायच्या तो इटलीचं नाव ऐकून भाईंकडं यायचा आणि कौलं घेऊन जायचा. लोक तोंडावर विचारायचे, "इटलीला जाऊन कौलं घालायला शिकला व्हय?"

"व्हय की," भाई म्हणायचे. "हितं कोण शिकवत न्हवतं."

घरी त्यांची बायको खैरुनबी. अंगानं लहानखुरी, आवाजानं नाही. मी त्यांना भाभी म्हणायचो. त्या मला ताटावर बसवून भाईंची तक्रार सांगायच्या, भाईंच्याच समोर.

"साऱ्या गावाला विचारत्यात, कुठं बसतासा. मला विचारलं कधी?"

"तू बसतीस कवा?" भाई म्हणायचे.

"बसू दिलं तर!"

"ये की एकदा साइटवर. बसवतो."

"येतो उद्या."

कोल्हापूरकडच्या बायकांसारखं भाभींचं हे 'येतो' मी किती वेळा ऐकलं असेन. तो उद्या काही यायचा नाही. कधी पापड असायचे, कधी पाव्हणे.

आता फक्कीचं सांगतो. नकाशा लोकांना कळत नाही, असं भाईंचं मत होतं. कळल्यासारखं करतात. म्हणून पाया खणायच्या आधी ते रिकाम्या प्लॉटवर खऱ्या मापानं घर आखायचे. फक्कीच्या रेघा म्हणजे भिंती. दार असेल तिथं रेघ नाही. मग घरच्या सगळ्यांना बोलवायचं आणि एक दिवस त्या रेघांमध्ये राहायला लावायचं. स्वयंपाक करायचा, जेवायचं, लोळायचं. नियम एकच. रेघ ओलांडायची नाही. दारातनंच जायचं यायचं.

लोक हसायचे. पण तासाभरात कुणीतरी म्हणायचं, "अगं, मोरी लांब पडती की."

१९७६ साली कृष्णात आला. उद्यमनगरात त्याचं लेथ मशीन होतं, धंदा चांगला चालला होता. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत त्यानं प्लॉट घेतला होता. खिशातून त्यानं कॅलेंडरच्या चित्राची घडी काढली. चित्रात स्लॅबचा बंगला होता. पोर्च, टेरेस, पुढं गुलाबाच्या कुंड्या.

"डिट्टो असं पायजे," तो म्हणाला.

"घरात कोण कोण?" भाईंनी विचारलं.

"मी, बायको, दोन पोरं. आणि आई."

"आई दुपारचं कुठं बसत्यात?"

कृष्णातनं चित्राची परत घडी घातली. "बसती की कुठंतरी."

आईचं नाव तानाबाई. तिनं म्हशींच्या जिवावर कृष्णातला वाढवलं होतं. संध्याकाळी म्हशी दारात बांधायची आणि गिऱ्हाइकासमोर धार काढायची. अजूनही तीन म्हशी होत्या. नव्या घरी जाताना कृष्णात त्या विकणार होता. कॉलनीत शेण चालणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

मी त्यांच्या जुन्या घरी दिवसभर बसलो. आणि लिहिलं, 'तानाबाई कुठंच बसत नाहीत.'

भाईंनी कागद परत दिला. "परत जा. माणूस न बसता जगत न्हाई."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दिसलं. जेवणं झाल्यावर, दार आणि म्हशी ह्यांच्या मधल्या जागेत एक घमेलं पालथं पडलेलं असायचं. तानाबाई त्याच्यावर बसायच्या. ते मला घमेलंच वाटलं होतं. मग बघितलं. सून शालन तिथं येऊन रात्रीचं काय करायचं ते विचारून गेली. पोरं तिथं येऊन पडली. शेजारणी दूध न्यायला आल्या त्या तिथंच उभ्या राहून बोलल्या. कृष्णातसुद्धा कारखान्यातनं आला तो आधी तिथं थांबला. सगळं घर त्या पालथ्या घमेल्याभोवती चाललं होतं.

तानाबाईंना मी विचारलं, "नवं घर कसं पाहिजे तुम्हाला?"

"पोराची हौस हाय," त्या म्हणाल्या. "मी काय, कुठंबी बसीन."

भाईंनी माझा कागद वाचला. पण नकाशा कृष्णात म्हणेल तसाच आखला. मला आश्चर्य वाटलं.

"आपण सांगून काय हुतंय?" भाई म्हणाले. "फक्की सांगंल."

एका रविवारी सकाळी प्लॉटवर कॅलेंडरमधला बंगला फक्कीनं उभा राहिला. म्हणजे आडवा पडला. पोर्च, मोठा हॉल, दोन बेडरूम, किचन, आणि मागच्या बाजूला मोरीशेजारी आईची खोली. प्लॉटच्या कोपऱ्यात एक करंजाचं झाड होतं. ते घराबाहेर राहत होतं. तिथं तानाबाईंनी म्हशी आणून बांधल्या, कारण त्यांना चारायला त्या रोज त्याच बाजूला न्यायच्या.

कृष्णात हॉलमध्ये खुर्ची टाकून बसला. वर छत्री, हातात पेपर. शालननं किचनमध्ये स्टोव्ह पेटवला. तेवढ्यात कॉलनीपलीकडच्या तालमीची पोरं आली. त्यांनी पांढऱ्या रेघा बघितल्या. कुणी मैदान आखून ठेवलंय म्हणून खूश झाली आणि सरळ कबड्डी सुरू केली.

"ए! हॉलमधनं पळू नका रं!" कृष्णात ओरडला.

"कुठला हॉल, दादा?"

"तू उभा हाईस तो!"

पोरानं पायाखाली बघितलं. मग मागच्यांना ओरडून सांगितलं, "ए, हितं हॉल हाय म्हणं! चपला काढा!"

शालन इतकी हसली की तिचा चहा उतू गेला. भाई म्हणाले, "खेळू द्या. घरात पोरं असणारच." एका पोराला बेडरूममध्ये धरलं, ते किचनमध्ये जाऊन आऊट झालं. दुसरं कृष्णातच्या खुर्चीवर आदळलं. "पावणं, खुर्ची जरा बाजूला घ्या की," ते म्हणालं. स्वतःच्या हॉलमध्ये पाव्हणा झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

पोरं गेली. ऊन चढलं. जेवणं झाली. तानाबाई आपल्या खोलीत जाऊन बसल्या. मोरीशेजारी, चार रेघांच्या मधोमध. थोडा वेळ बसल्या. मग उठल्या. पदर सावरून नियमाप्रमाणं दारातनं बाहेर आल्या, बोळातनं गेल्या, हॉलमधनं कृष्णातला वळसा घालून गेल्या, पोर्चमधनं उतरल्या आणि करंजाखाली म्हशींजवळ जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं नातवंडं दारातनं बाहेर पडली आणि आजीजवळ गेली. मग शालन चहा घेऊन तिकडं गेली. भाई गेले. मी गेलो. हॉलमध्ये एकटा कृष्णात राहिला. छत्री धरून.

"आई, आत ये की!" त्यानं हाक मारली.

"कुठल्या आत?" तानाबाई म्हणाल्या. "मला तर सगळं भायेरच दिसतंय."

भाई उठले. डाव्या खिशातनं मूठभर फक्की काढली आणि आम्ही जिथं बसलो होतो त्याच्याभोवती रेघ ओढली. करंज आत, म्हशी कडेला, मधे बसाउठायची ऐसपैस जागा, सोपा. मग जाऊन त्यांनी हॉलची रेघ पायानं पुसली.

कृष्णात छत्री मिटत आला. "भाई, तुमी इटलीला गेलतासा का म्हशीमागं?"

"दोन्हीकडं. म्हशीमागं आधी."

"मला बंगला पायजे. गोठा न्हाई. उद्यापास्नं येऊ नका."

आम्ही चालत परत आलो. ऑफिसात भाईंनी चहा मागवला. बशीत ओतला नाही. कपातच राहिला.

"दुसरं काम मिळेल, भाई," मी म्हणालो.

"कामाचं काय न्हाई, बीए. ती बाई कुठं बसंल?"

पंधरवड्यानं कृष्णात जिना चढून आला. धाप लागलेली असूनही त्याचा प्रश्न पूर्ण निघाला, इतका तो तापला होता.

"तुमाला नको म्हणून सांगितलं, तरी माझ्या प्लॉटवर रेघा का मारतासा?"

"कसल्या रेघा?"

"त्या झाडाभोवतीच्या! मी रोज पायानं पुसतोय. सकाळी परत हाईतच. पाया खणायला गडी आले, तर ह्या रेघांवर खणायचं का त्या, म्हणून विचारत परत गेले!"

भाईंनी डावा खिसा उलटा करून दाखवला. स्वच्छ होता. भाभींनी तो सदरा धुतला होता आणि भाईंनी त्यात परत फक्की भरली नव्हती. रिकामा खिसा बघून मलाच कसंतरी झालं.

"मग कोण मारतंय?" कृष्णात म्हणाला.

"चल, बघू."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. करंजाला म्हशी बांधल्या होत्या. तानाबाई वाकून, पाठ आमच्याकडं करून, रेघ ओढत होत्या. हातात रांगोळीचा डबा. ओढत ओढत पोर्चच्या बाजूला आल्या, तिथं वीतभर रुंद नाही, चांगली माणूसभर जागा मोकळी सोडली. ते दार होतं. दाराच्या तोंडाशी चिमटीनं एक कमळ काढलं. मग डबा ठेवला, दारातनं आत गेल्या आणि बसल्या. त्यांनी घमेलंसुद्धा आणलं होतं.

कृष्णात तरातरा निघाला. रेघेपाशी पोचला आणि थांबला. आता ओलांडणार, असं मला वाटलं. भाईंनी माझा दंड धरला होता.

तो रेघेच्या कडेनं चालत दाराशी आला. चपला काढल्या. कमळाला पाय लागणार नाही असा आत गेला.

"आई, तू कशाला गं काढतीस हे?"

"मोडलं हुतं."

"सांगायचं की मला."

"तू बंगल्यात हुतास," तानाबाई म्हणाल्या. "बस. तुझंच घर हाय."

तो आईजवळ मातीत बसला. बराच वेळ बसला. म्हशीनं त्याच्या डोक्यावर श्वास सोडला तरी हलला नाही. मी काहीतरी बोलणार होतो. भाई माझ्या आधी ओरडले, "त्या म्हशीला उजव्या अंगाला घ्या ओ, तिच्यावर ऊन येतंय!"

घर दोन वर्षांनी पुरं झालं. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, वर कौलं. पावसाच्या अंगाला वळचण एवढी खाली आणली की कृष्णातचं डोकं तीनदा आपटलं. मधे सोपा. सोप्याला एका बाजूनं भिंत नाही, तिथं करंज. पलीकडं म्हशी. एका खोलीवर मात्र भाईंनी स्लॅब टाकला आणि वर टेरेस दिली. मला ते खटकलं.

"तुम्ही स्लॅब टाकलात?"

"त्याला संध्याकाळचं वर उभं राहून कॉलनी बघायचीय. ही पण बसायचीच एक जागा की. उभ्यानं."

मला तेव्हा कळलं की भाईंचं कौलांवर प्रेम नव्हतं. स्लॅबवर रागही नव्हता. मी इतकी वर्षं त्यांचं तत्त्वज्ञान म्हणून जे मित्रांना ऐकवत होतो ते माझंच होतं.

तानाबाईंनी स्वतःहून काही मागितलं ते एकदाच. १९८४ साली. कॉलनी भरली होती, संध्याकाळी दुधाला रांग लागायची.

"गडी लोकांना पानपट्टीम्होरं कट्टा हाय, तालमीम्होरं कट्टा हाय, देवळाम्होरं हाय," त्या भाईंना म्हणाल्या. "माझ्याकडं बायका येत्यात त्या उभ्याच. त्यास्नी काय तरी करा की."

भाईंनी रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "बीए, गाव हिंडलो सगळं. बायका कुठं बसत्यात हे घरात विचारलं. रस्त्यावर कधी विचारलं न्हाई. सालूबाबाकडं तर डोळ्यानं बघून आलतो."

आणि ते हसायला लागले. असे खूश झालेले मी त्यांना क्वचित बघितले.

त्यांनी घरापुढं रस्त्याच्या कडेला कट्टा घ्यायचं ठरवलं. ज्ञानू गवंड्यानं दगड आणून टाकले. पण भाईंनी चुना लावू दिला नाही. गड्यांचे कट्टे उंच असतात, त्याच्यावर बाई बसली की तिचे पाय लोंबतात, म्हणून ती बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. उंची बसून ठरवायची. ज्ञानूनं दगड नुसते एकावर एक रचले आणि बायकांनी बसून बघायचं. पहिल्या दिवशी कुणी बसेना. सगळ्या एकमेकींकडं बघून हसत होत्या. तानाबाईंनी दुधाची चरवी खाली ठेवली, पहिल्यांदा स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "आता ज्या बाईला दूध पायजे तिनं बसायचं. उभीला न्हाई."

मग बसल्या. आणि भांडायला लागल्या. एकीला उंच होतंय, एकीला ठेंगणं. शालन म्हणाली, गुडघे दुखतात. ज्ञानू दगड काढायचा आणि घालायचा. शेवटी भाईंनी तीन टप्पे करायचं ठरवलं. उंच बायकांना, मध्यम बायकांना आणि बुटक्या बायकांना. उंच आणि मध्यम ठरले. ज्ञानूनं चुना लावला.

"तिसऱ्याची उंची?" ज्ञानूनं विचारलं.

"थांब. त्याच्यावर आमची खैरून बसंल. तिच्यापरास बुटकी ह्या गावात न्हाई. तिला जमलं तर सगळ्यांस्नी जमंल."

घरी जाऊन सांगितलं. भाभी पोळ्या लाटत होत्या.

"मला बुटकी म्हणालात? गावासमोर?"

"मापापुरतं."

"येतो उद्या," भाभी म्हणाल्या. ह्या वेळी त्या खरंच येणार होत्या. साडी काढून ठेवली होती, ती मी बघितली.

त्याच रात्री भाईंच्या छातीत दुखायला लागलं. सकाळी ते गेले.

ह्याला आता पाच वर्षं झाली. मी पुढं एका हायस्कुलात मास्तर झालो. वर्गात शिरताना भिंतीला तळहात लावतो. पोरं हसतात.

गेल्या महिन्यात दूध न्यायला तानाबाईंकडं गेलो होतो. कट्ट्याचे दोन टप्पे बायकांनी भरले होते. तिसऱ्या टप्प्यावर दगड नुसते रचलेले, मधे चुना नाही, एक दगड हलतोय. ज्ञानू अधूनमधून येऊन विचारतो, लावू का? तानाबाई नको म्हणतात. भाभींना मी दोनदा विचारलं. एकदा पापड होते. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "येतो रे. येतो उद्या."

मी उभा होतो तेवढ्यात एक नवी सून आली, हातात किटली. जागा रिकामी दिसली म्हणून तिसऱ्या टप्प्यावर टेकली.

"उठ गं," तानाबाई धार काढता काढता म्हणाल्या. "तिथलं माप झालं न्हाई अजून."